लांगल (१९२५-२६): काझी नझरुल इस्लामच्या डाव्या साप्ताहिकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांगल म्हणजे नक्की काय होतं? मासिक, पेपर की पार्टीचं पत्रक?

साप्ताहिक होतं. कलकत्त्याहून बंगालीत निघायचं, डिसेंबर १९२५ मध्ये सुरू झालं आणि १५ एप्रिल १९२६ ला शेवटचा अंक आला, म्हणजे जेमतेम चार महिने आणि सगळे मिळून पंधराएक अंक. ऑफिस ३७, हॅरिसन रोडला, जो आज महात्मा गांधी रोड आहे. नावाचा अर्थ सरळ नांगर. लेबर स्वराज पार्टी नावाच्या नव्या, अगदी छोट्या पक्षाचं ते मुखपत्र होतं आणि प्रधान परिचालक, म्हणजे मुख्य संचालक, म्हणून काझी नझरुल इस्लामचं नाव छापलेलं असायचं. आता मुखपत्र म्हटलं की ठराव, सभांचे वृत्तांत आणि पुढाऱ्यांची भाषणं एवढंच डोळ्यासमोर येतं, पण लांगलमध्ये जमिनीच्या प्रश्नावरच्या लेखाला लागून कविता, कवितेला लागून रशियन कादंबरीचा अनुवाद, असं सगळं एकत्र यायचं, आणि मला तरी त्याची खरी ताकद याच शेजारात वाटते.

नझरुल म्हणजे 'विद्रोही' कविता लिहिणारा तोच ना? तो पेपर काढण्यात कुठून आला?

हो, तोच. १८९९ मध्ये आसनसोलजवळच्या चुरुलिया गावात जन्म, घरी गरिबी, पुढे ४९ व्या बंगाली पलटणीत भरती, कराचीला मुक्काम, आणि १९२० मध्ये पलटण मोडल्यावर कलकत्त्याला परत. 'विद्रोही' जानेवारी १९२२ मध्ये छापून आली आणि बावीस-तेवीस वर्षांचा हा पोरगा एका झटक्यात सगळ्या बंगालला माहीत झाला.

पण पेपरचं काम त्याने त्याच्या आधीच सुरू केलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुलै १९२० मध्ये बंगालचे पुढारी फजलुल हक यांच्या पैशावर 'नवयुग' नावाचं सायंदैनिक निघालं, ते नझरुल आणि मुझफ्फर अहमद हे दोघे मित्र मिळून चालवायचे. त्यात मजुरांबद्दल, शेतकऱ्यांबद्दल इतकं थेट लिहिलं जायचं की सरकारने जामिनाची रक्कम जप्त केली. मग ११ ऑगस्ट १९२२ ला नझरुलने स्वतःचं 'धूमकेतू' काढलं, आठवड्यातून दोनदा निघायचं. २६ सप्टेंबरच्या अंकात त्याची 'आनंदमयीर आगमने' ही कविता आली, वरवर दुर्गापूजेची पण आत सगळा राग इंग्रज राज्यावरचा, आणि १३ ऑक्टोबरच्या अंकात त्याने भारताला संपूर्ण स्वातंत्र्य पाहिजे असं उघड लिहिलं, काँग्रेसने तसा ठराव करायला अजून सात वर्षं होती. नोव्हेंबरमध्ये कोमिल्लाला अटक झाली, जानेवारी १९२३ मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी. तुरुंगात राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्याने हुगळी जेलमध्ये महिनाभराहून जास्त उपोषण केलं. बाहेर आल्यावर १९२४ मध्ये 'विषेर बांशी' आणि 'भाङार गान' ही दोन्ही पुस्तकं सरकारजमा झाली.

म्हणजे लांगल काढायला बसला तेव्हा तो तुरुंग भोगून आलेला, पुस्तकांवर बंदी असलेला, घरात पैसा नसलेला आणि सगळ्यात लोकप्रिय असा कवी होता.

मग एडिटर म्हणून त्याचंच नाव का नाही?

एडिटर म्हणून मणिभूषण मुखोपाध्याय यांचं नाव असायचं, ते नझरुलचे पलटणीतले दोस्त. त्या काळी राजद्रोहाचा खटला झाला की छापलेलं नाव ज्याचं तो आत जायचा, त्यामुळे मुख्य लिहिणाऱ्याचं नाव एका जागी आणि संपादकाचं दुसऱ्या जागी अशी व्यवस्था बऱ्याच पेपरांत दिसते. पण लांगल हातात घेणाऱ्याला तो नझरुलचा पेपर म्हणूनच माहीत होता आणि खपायचाही त्याच्याच नावावर.

लेबर स्वराज पार्टी ही काय भानगड? काँग्रेसमध्ये होती की बाहेर?

पूर्ण नाव होतं 'लेबर स्वराज पार्टी ऑफ द इंडियन नॅशनल काँग्रेस', म्हणजे निदान नावापुरती तरी आतच. १ नोव्हेंबर १९२५ ला कलकत्त्यात स्थापना झाली, स्थापन करणारे चौघे: नझरुल, हेमंतकुमार सरकार, कुतबुद्दीन अहमद आणि शमसुद्दीन हुसेन. हेमंतकुमार हे काँग्रेसमधल्या स्वराज पक्षाचे पुढारी चित्तरंजन दास यांच्या जवळचे. दास जून १९२५ मध्ये गेले आणि बंगालच्या राजकारणात मोठी पोकळी झाली, कारण हिंदू-मुसलमान दोघांनाही धरून ठेवेल असा माणूस तोच होता, आणि त्यांच्या मागे स्वराज पक्षात जी मंडळी उरली त्यांत जमीनदार, वकील आणि त्यांच्या गोतावळ्याचंच वजन जास्त होतं. कुळांच्या बाजूने बोलायचं म्हटलं की तिथे सगळे गप्प बसायचे.

इथे बंगालची जमीनव्यवस्था थोडी माहीत पाहिजे, नाहीतर नांगर हे नाव का घेतलं ते नीट कळत नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी, सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं (सावकार होताच, पण तो वेगळा विषय). बंगालमध्ये १७९३ च्या कायमधारा पद्धतीने जमीनदार मालक ठरला, सरकारला द्यायची रक्कम कायमची बांधलेली, आणि जमीनदाराच्या खाली पोटजमीनदार, त्याच्या खाली आणखी कोणी, त्याच्या खाली रयत, आणि अगदी तळाला बटाईने कसणारा बर्गादार ज्याला कायद्यात जवळजवळ काही हक्कच नाही. पूर्व बंगालमध्ये तर जमीनदार बहुतेक हिंदू आणि कूळ बहुतेक मुसलमान, त्यामुळे खंडाचं भांडण बघता बघता धर्माचं भांडण व्हायचं. लांगलवाल्यांचं म्हणणं असं की हे मुळात पोटाचं भांडण आहे, त्याला पोटाचंच राहू द्या.

पार्टीच्या जाहीरनाम्यात, जो लांगलमध्येच छापला गेला, स्त्री-पुरुष समानतेवर उभं राहिलेलं पूर्ण स्वराज्य मागितलंय. कारखाने, खाणी, रेल्वे, ट्राम, आगबोटी या गोष्टी नफ्यासाठी न चालवता देशाच्या मालकीच्या करा, कामगार संघटनांच्या देखरेखीखाली चालवा, आणि जमीन स्वयंपूर्ण गावांच्या ताब्यात द्या. १९२५ साली काँग्रेसचं नाव लावून हे लिहिणं म्हणजे केवढी हिंमत, ते आज पटकन जाणवत नाही.

पहिल्या अंकात एवढं काय होतं की अजूनही त्याबद्दल बोलतात?

'साम्यवादी' ही कवितामाला. एकूण अकरा कविता: ईश्वर, माणूस, पाप, चोर-दरोडेखोर, वारांगना, नारी, राजा-प्रजा, कुली-मजूर अशा विषयांवरच्या, आणि सगळ्या मिळून एकच मोठी मांडणी.

'कुली-मजूर' मध्ये रेल्वेचा प्रसंग आहे, एक बाबूसाहेब एका कुलीला ढकलून खाली पाडतो, आणि तिथून कवी विचारायला लागतो की बाबा रे, तू ज्या गाडीत बसलायस ती, ज्या रस्त्याने आलास तो, ज्या इमारतीत राहतोस ती कोणाच्या हाडांवर उभी आहे. 'मानुष' मध्ये भुकेला वाटसरू देवळात जातो, पुजारी दार लावून घेतो, मग मशिदीत जातो, तिथे मुल्ला नमाज पढतोस का विचारून हाकलतो, आणि मशिदीत अन्न शिल्लक असतानाही माणूस उपाशीच परततो. मराठी वाचकाला हे ऐकताना आपले संत आठवतील, आणि ते बरोबरच आहे, कारण लांगलच्या डोक्यावर जे बोधवाक्य छापलेलं असायचं ते पंधराव्या शतकाच्या आसपासच्या वैष्णव परंपरेतल्या चंडीदासाचं: ऐक माणसा भावा, सगळ्यांच्या वर माणूस हेच सत्य, त्याच्या वर काही नाही. एका कम्युनिझमकडे झुकलेल्या पेपरने बोधवाक्यासाठी मार्क्सकडे न जाता चंडीदासाकडे जावं ही निवड मला फार मोलाची वाटते, यातून त्यांना आपलं म्हणणं कोणाच्या भाषेत सांगायचं होतं ते कळतं.

'नारी' ही आजही बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये शाळेतल्या पोरांना पाठ असते, जगात जे काही महान झालं त्यातलं अर्धं बाईने केलं, अर्धं पुरुषाने, या तिच्या सुरुवातीच्या ओळी सगळ्यांना माहीत. 'वारांगना' मात्र कमी म्हटली जाते. त्यात नझरुल वेश्येला आई म्हणून हाक मारतो, तुझ्या अंगावर थुंकणारा कोण असं विचारतो, आणि तिच्या पोरांची बाजू घेतो. १९२५ च्या भद्र समाजाला हे झेपणारं नव्हतंच.

आता या कविता नंतर पुस्तिका म्हणून आल्या, १९२६ च्या 'सर्वहारा' संग्रहात गेल्या, आणि आज आपण त्या तिथेच वाचतो, पानावर एकट्या. पण जन्मल्या त्या एका पेपरात, जिथे शेजारीच पार्टी जमीन कोणाला द्या म्हणून मागणी करतेय. 'कुली-मजूर' एकटी वाचली की ती दयेची कविता वाटू शकते, जाहीरनाम्याला लागून वाचली की कळतं, इथे दया कोणी मागत नाहीये, हिशेब मागतायत.

रवींद्रनाथांनी खरंच लांगलला आशीर्वाद दिला होता? ते तर स्वतः जमीनदार होते.

दिला होता. धूमकेतूलाही त्यांनी चार ओळी लिहून दिल्या होत्या (ये धूमकेतू, अंधारात अग्नीचा सेतू बांध, अशा अर्थाच्या), आणि लांगलसाठी त्यांनी बलरामाला हाक मारली, हलधर बलराम, नांगर हेच ज्याचं हत्यार: तुझा वाळवंट फोडणारा नांगर हातात धर आणि हा फुकाचा गोंगाट बंद कर. पुराणातला नांगरवाला देव शोधून काढणं हे त्यांनाच सुचावं.

जमीनदारीबद्दल म्हणाल तर टागोर घराण्याच्या शिलाईदह, पतिसर वगैरे ठिकाणी जमिनी होत्या आणि रवींद्रनाथांनी स्वतः तिथला कारभार पाहिलेला. त्यांचं मत लांगलवाल्यांपेक्षा वेगळंच होतं, जमीन रयतेच्या नावावर केली तरी ती उद्या सावकाराच्या घशात जाईल ही भीती त्यांनी लिहून ठेवलीय. मतभेद असूनही आशीर्वाद दिला, कारण नझरुलवर त्यांचा जीव होता. १९२३ मध्ये तो तुरुंगात असताना त्यांनी 'वसंत' हे नाटक त्याला अर्पण केलं होतं आणि उपोषण सोड, आपल्या साहित्याला तू हवा आहेस, अशी तारही केली होती, जी पत्त्यावर माणूस सापडला नाही म्हणून परत आली.

अंकांत अजून काय यायचं?

मॅक्झिम गॉर्कीच्या 'आई' चा नृपेंद्रकृष्ण चट्टोपाध्याय यांनी केलेला बंगाली अनुवाद क्रमशः यायचा. मार्क्सच्या चरित्रावर लेखन आलं. नझरुलचं 'कृषाणेर गान', म्हणजे शेतकऱ्याला घट्ट नांगर धरून उभा राहा म्हणणारं गाणं, आणि 'सव्यसाची' ही कविता. कूळकायदा, मजुरांच्या मागण्या यांवरचे लेख असायचेच.

हे सगळं शेतकरी वाचायचे का? की फक्त कॉलेजातली मुलं?

प्रश्न अगदी योग्य आहे. बहुतेक शेतकऱ्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे पेपर विकत घेणारे बहुतांश शहरातले शिकलेले लोक, विद्यार्थी, कारकून, काही जुने क्रांतिकारक. पण म्हणून लांगल शेतकऱ्यापर्यंत पोचलंच नाही असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल, कारण नझरुल जे लिहायचा त्यातलं बरंच गाणं म्हणून लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि स्वतः हार्मोनियम घेऊन सभेत गायचा. फेब्रुवारी १९२६ मध्ये कृष्णनगरला कुळांच्या परिषदेसाठी त्याने 'श्रमिकेर गान' रचलं, मार्चमध्ये फरीदपूर जिल्ह्यातल्या मादारीपूरला कोळ्यांची परिषद झाली तिथे कोळ्यांचं गाणं केलं. तेव्हा शेतकऱ्यासाठी एक, मजुरासाठी एक, कोळ्यासाठी एक अशी गाणी त्या काही महिन्यांत तयार होत गेली आणि ती कागदावरून तोंडात गेली. छापलेल्या प्रतींच्या आकड्यावरून अशा पेपरचा आवाका मोजताच येत नाही.

मुझफ्फर अहमद यात कधी आले?

जानेवारी १९२६ मध्ये, म्हणजे पेपर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी. आधी ते तुरुंगात होते. १९२४ च्या कानपूर बोल्शेविक कटाच्या, म्हणजे सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या, खटल्यात चौघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली होती: मुझफ्फर अहमद, श्रीपाद अमृत डांगे, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता. मुझफ्फर यांना जेलमध्ये क्षय झाला, तब्येत फारच ढासळली म्हणून सप्टेंबर १९२५ मध्ये सोडलं. डिसेंबरच्या शेवटी कानपूरला कम्युनिस्टांची पहिली परिषद झाली, तिथे हजेरी लावून ते कलकत्त्याला आले आणि थेट लांगलच्या ऑफिसमध्ये राहायलाच लागले. अब्दुल हलीम हा तरुण कार्यकर्ता त्यांच्यासोबत. राहायला दुसरी जागा नाही, हाताशी पैसा नाही, छातीत क्षय, आणि काम दिवसरात्र.

लांगलला नाव नझरुलमुळे मिळालं हे खरंच, पण ते पुढच्या टप्प्याला नेलं मुझफ्फर अहमद यांनी, आणि आज त्या चार महिन्यांबद्दल आपल्याला जे काही बारकाईने माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्यांनी नंतर लिहिलेल्या नझरुलच्या आठवणींमुळे. त्यांचं श्रेय नेहमी कवीच्या नावाखाली झाकलं जातं, ते मला पटत नाही.

कृष्णनगरला काय झालं? सगळे त्या परिषदेचा उल्लेख करतात.

नझरुल जानेवारी १९२६ च्या सुरुवातीला हुगळी सोडून नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला राहायला गेला, हेमंतकुमार सरकारांचं ते गाव. ६ आणि ७ फेब्रुवारीला तिथे अखिल बंगाल प्रजा संमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. नरेशचंद्र सेनगुप्त, जे कायद्याचे पंडित आणि कादंबरीकारही. 'प्रजा' म्हणजे तिथे कूळ. या परिषदेत लेबर स्वराज पार्टीचं नाव बदलून बंगीय कृषक ओ श्रमिक दल ठेवलं गेलं, इंग्रजीत पेझंट्स अँड वर्कर्स पार्टी, आणि काँग्रेसचं शेपूट गळालं. आता लांगल या नव्या पक्षाचं मुखपत्र झालं. नाव बदलणं वरवर किरकोळ दिसतं पण काँग्रेसमधला एक गट असणं आणि शेतकरी-कामगारांचा स्वतंत्र पक्ष असणं यात फार अंतर आहे, पुढे इतर प्रांतांत उभ्या राहिलेल्या वर्कर्स अँड पेझंट्स पक्षांमधला हा पहिला.

नझरुलवर आणि त्याच्या या लिखाणावर टीका कोणी केली?

दोन्ही बाजूंनी झाली. 'शनिवारेर चिठि' हे व्यंगाचं पत्र नझरुलच्या मागे हात धुवून लागलं होतं, त्याच्या कवितांची विडंबनं छापायचं. सनातनी मुसलमानांना तो काफर वाटायचा, हिंदू देवदेवतांची नावं घेतो म्हणून, आणि सनातनी हिंदूंना तो कवितेत अरबी-फारसी शब्द घुसवणारा यवन. शुद्ध कवितावाले म्हणायचे, पोरगा चांगला लिहीत होता, राजकारणाने वाया गेला. या सगळ्यांना त्याने 'आमार कैफियत' या कवितेत उत्तर दिलंय, तीही सर्वहारा संग्रहात आहे, आणि त्यात तो म्हणतो की भुकेल्या पोराला स्वराज्य नको असतं, त्याला थोडा भात आणि चिमूटभर मीठ पाहिजे असतं. मी अमर होईन की नाही याची मला फिकीर नाही, असंही त्याने त्यात स्पष्ट सांगितलंय.

सरकारने बंदी घातली म्हणून बंद पडलं का?

नाही. धूमकेतूशी गल्लत होते लोकांची. लांगलवर पोलिसांची नजर होती पण बंदी घालावी लागली नाही.

मग चार महिन्यांत का बंद पडलं?

मुख्य कारण पैसा. जाहिराती कोण देणार, जमीनदारी आणि गिरण्यांच्या मालकीविरुद्ध लिहिणाऱ्या पेपरला? एजंटांकडून वसुली वेळेवर होत नव्हती, पक्षाचे सदस्य मोजके आणि तेही कफल्लक. नझरुल कृष्णनगरला, पेपर कलकत्त्यात, आणि तो आजारी, कर्जात, सभांच्या दौऱ्यांवर. त्याची कविता असली की अंक उचलला जायचा, नसली की मागे पडायचा, आणि एका माणसाच्या लेखणीवर दर आठवड्याला पेपर उभा करणं शक्य नसतं, तो माणूस नझरुल असला तरी.

दुसरं म्हणजे एप्रिल १९२६ चे दंगे. २ एप्रिलला कलकत्त्यात हॅरिसन रोडच्याच परिसरात आर्य समाजाच्या मिरवणुकीत मशिदीसमोर वाद्यं वाजवण्यावरून हिंदू-मुसलमान दंगल पेटली आणि ती थांबून थांबून पुढचे काही आठवडे चालली. हे त्यांच्या ऑफिसच्या दारात घडत होतं. चार महिने जो पेपर सांगत होता की हिंदू कूळ आणि मुसलमान कूळ यांचं दुखणं एकच आहे, त्याच्याच रस्त्यावर माणसं एकमेकांना धर्म विचारून मारत होती, छापखाने, टपाल, विक्री सगळंच विस्कळीत. याच महिन्यात शेवटचा अंक निघाला. दंग्यांनी पेपर मारला असं सरळ म्हणता येणार नाही, पण आधीच दम लागलेल्या पेपरला त्या दिवसांत उभं राहणं अवघडच होतं.

मग गणवाणी काय आहे? तोच पेपर नव्या नावाने?

बऱ्यापैकी तोच. १२ ऑगस्ट १९२६ पासून मुझफ्फर अहमद यांच्या संपादनाखाली 'गणवाणी' सुरू झालं, पक्ष तोच, माणसं बरीचशी तीच. नांगर म्हटलं की फक्त शेतकरी डोळ्यासमोर येतो आणि पक्षाला तर आता हुगळीच्या काठावरच्या ताग गिरण्यांमधले मजूरही पाहिजे होते, ते गणवाणी नावात बसत होतं. पहिल्या काही अंकांतच नझरुलने 'मंदिर ओ मसजिद' आणि 'हिंदू-मुसलमान' हे दोन लेख लिहिले, दंग्यांचा राग अजून ताजा होता, आणि माझ्या मते ते त्याच्या सगळ्या गद्यात सर्वात चांगले आहेत. मार खाऊन पडलेला माणूस अल्ला म्हणत नाही की काली म्हणत नाही, 'आई गं' म्हणतो, आणि ते दोघांचं एकाच भाषेत असतं, असं त्याने त्या दंग्यातलं चित्र काढलंय.

१९२७ मध्ये त्याने इंटरनॅशनल या कामगार गीताचा बंगाली अवतार गणवाणीसाठी केला. रवींद्रनाथांचे चुलत नातू सौम्येंद्रनाथ टागोर यांनी केलेला कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा अनुवादही गणवाणीतच आला. पण पैशाची रड तीच, बंद पडायचं, परत सुरू व्हायचं, १९२८ पर्यंत कसंबसं चाललं. पत्ता होता २/१, युरोपियन असायलम लेन, त्या गल्लीला आज अब्दुल हलीम यांचं नाव आहे.

लांगलचा मुंबईशी किंवा मराठीशी काही संबंध?

आहे, आणि सरळ आहे. कानपूर खटल्यात मुझफ्फर अहमदांसोबत शिक्षा झालेले डांगे मुंबईचे, त्यांनी ऑगस्ट १९२२ मध्येच मुंबईत 'सोशालिस्ट' हा इंग्रजी पेपर काढला होता, म्हणजे कलकत्त्यात धूमकेतू निघालं त्याच महिन्यात. बंगालच्या पक्षाच्या धर्तीवर १९२७ मध्ये मुंबईत वर्कर्स अँड पेझंट्स पार्टी उभी राहिली, त्यात मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर ही मंडळी, आणि त्यांचं मराठी साप्ताहिक 'क्रांती'. गणवाणी आणि क्रांती ही एकाच चळवळीची दोन भाषांतली पत्रं होती. डिसेंबर १९२८ मध्ये अशा सगळ्या प्रांतिक पक्षांची अखिल भारतीय परिषद कलकत्त्यात झाली. आणि २० मार्च १९२९ ला सरकारने देशभर धरपकड करून मीरत कटाचा खटला भरला तेव्हा मुझफ्फर अहमद आणि ही मुंबईची मंडळी एकाच पिंजऱ्यात उभी राहिली. जानेवारी १९३३ च्या निकालात मुझफ्फर यांना जन्मठेप, डांग्यांना बारा वर्षं, नंतर अपिलात या शिक्षा कमी झाल्या.

फरक एवढाच की मुंबईत पाया गिरणी कामगारांचा होता आणि बंगालमध्ये सुरुवात कवी आणि कूळ यांच्यापासून झाली, म्हणून क्रांतीचा सूर संपाचा आणि लांगलचा सूर गाण्याचा.

याआधी बंगालीत मजुरांसाठी काहीच नव्हतं का?

होतं की. शशिपद बंद्योपाध्याय यांनी १८७४ मध्ये कलकत्त्याजवळच्या बरानगरहून 'भारत श्रमजीवी' काढलं होतं, पण त्याचा सूर सुधारणेचा, दारू सोडा, शिका, काटकसर करा असा. १९२३ मध्ये 'संहति' नावाचं मासिक निघालं, तेही मजुरांबद्दल लिहायचं. लांगलचं वेगळेपण म्हणजे ते मजुराला सुधार म्हणत नव्हतं, मालकी कोणाची हा प्रश्न विचारत होतं.

नझरुल पुढे डावा राहिला का?

सभासद म्हणून कम्युनिस्ट तो कधीच नव्हता. नोव्हेंबर १९२६ मध्ये त्याने ढाका विभागातून केंद्रीय विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि हरला. कृष्णनगरच्या त्या गरिबीत 'दारिद्र्य' ही कविता लिहिली, तिथल्या चांदसडक वस्तीवर बेतलेली 'मृत्युक्षुधा' ही कादंबरी झाली. १९२८-२९ नंतर तो गाण्यांकडे वळला, ग्रामोफोन कंपनीसाठी हजारोंनी गाणी, गझल, श्यामासंगीत (कालीमातेची भक्तिगीतं), इस्लामी गीतं. १९४२ मध्ये मेंदूच्या आजाराने वाचा आणि स्मृती गेली ती शेवटपर्यंत परत आली नाही. १९७२ मध्ये बांगलादेश सरकारने त्याला ढाक्याला नेलं आणि २९ ऑगस्ट १९७६ ला तो तिथेच गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंनी त्याच्या प्रतिमा लागल्या, कुठे फक्त विद्रोही कवी, कुठे फक्त मुस्लिम जागृतीचा कवी, कुठे फक्त हिंदू-मुस्लिम ऐक्याचं पोस्टर, आणि या वाटणीत लांगलचा नझरुल, ज्याने जमीन कोणाची असं थेट विचारलं, तो कोणालाच सोयीचा नसल्यामुळे मागे पडला.

मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी?

बंगाली येत असेल तर 'सर्वहारा' आणि त्यातला 'साम्यवादी' भाग, मग अब्दुल कादिर यांनी संपादित केलेल्या नझरुलच्या रचनावलीतून (समग्र साहित्यातून) गणवाणीतले ते दोन लेख, मग मुझफ्फर अहमदांच्या आठवणी. बंगाली वाचता येत नसेल पण कोणी बंगाली मित्र असेल तर त्याला 'कुली-मजूर' मोठ्याने म्हणायला सांगा, शाळेत झालेली असते, बहुतेकांना येते, आणि शब्द निम्मेअधिक आपल्याच ओळखीचे असल्यामुळे अर्थ विचारायची वेळ फारशी येत नाही.